बँडवाल्याला बयाना देता, मग बीटवाल्याला का नाही?

खान्देशातल्या सगळ्या अहिराणी गायक, गायिका, रॅपर आणि गाणी लिहिणाऱ्या पोरापोरींना,

राम राम.

परवा रात्री पारोळ्याकडच्या एका पोराचा मेसेज आला, "ताई, मन्हं गानं उडी गयं." दोन आठवड्यांपूर्वी टाकलेलं गाणं, गावातल्या पोरांनी स्टेटसला ठेवलेलं, सुरतहून त्याच्या मामाने फोन करून सांगितलं की उधन्यात एका हळदीत वाजलं, आणि आता लिंक उघडली तर काळा पडदा. बीट, म्हणजे ज्याच्यावर गाणं म्हणायचं ते तयार संगीत, कुठून घेतली विचारलं तर म्हणे यूट्यूबवरून, "फ्री लिखेल व्हतं ना तठे." वीस वर्षांचं पोरगं आहे, दिवसा जिनिंगमधे कामाला जातं, रात्री गाणं लिहितं. मला त्या रात्री झोप आली नाही कारण हेच सगळं माझ्यासोबत २०२२ ला होऊन गेलंय आणि तेव्हा मला सांगणारं कोणी नव्हतं. म्हणून हे पत्र लिहून राहिली.

मी अमळनेर तालुक्यातली. हळदीत, कानबाईच्या सणात, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला गाणं म्हणत म्हणत मोठी झाली आणि सहा वर्षांपासून स्वतःचं चॅनल चालवते, मागे कंपनी नाही, मॅनेजर नाही, जे काय आहे ते घरातूनच. आपल्या ग्रुपमधे दर आठ दिवसांनी कोणीतरी विचारतंच की बीट विकत घ्यायची का, फुकट मिळते तर पैसे कशाला, आणि खाली पन्नास जण पन्नास गोष्टी सांगतात. माझं म्हणणं सरळ आहे, घ्या विकत. पैसे देऊन घ्या आणि लिहून घ्या. ज्याने संगीत बनवलं त्याच्या हातात पैसे आणि तुमच्या हातात कागद, हे दोन्ही झाल्याशिवाय गाणं अपलोड करू नका.

आता जरा आठवा आपल्याकडे लग्न ठरलं की काय होतं. साखरपुड्याचे पेढे वाटून होत नाहीत तर घरातलं कोणीतरी बँड बुक करायला निघालेलं असतं, कारण चांगला बँड वैशाखात भेटत नाही. बँडवाला पावतीपुस्तक काढतो, मधे कार्बन टाकतो आणि लिहायला बसतो, नवरदेवाचं नाव, गाव, तारीख, हळदीला किती तास, वरातीला किती तास, माणसं किती, बेंजो सोबत आहे की नाही, एकूण रक्कम, बयाना, बाकी. खाली अटी छापलेल्या असतात, वेळ वाढली तर जास्तीचे पैसे, गाडीभाडं वेगळं, दोघांच्या सह्या. माझ्या लग्नातली अशी पावती माझ्या वडिलांनी अजून पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली आहे, पिवळी पडली पण बयान्याचा आकडा वाचता येतो. माझे वडील चौथी शिकलेले. त्यांना चार तासांच्या वाजवण्याचा कागद करायचं कळत होतं आणि आपण बारावी, बीए झालेली माणसं, जे गाणं पुढची वीस वर्षं इंटरनेटवर राहणार आहे त्याचं संगीत "भो पाठव ना" एवढ्या बोलीवर घेतो. हे मला बघवत नाही.

माझं २०२२ चं सांगते. आखाजी ३ मेला होती. मी माझ्या आजीच्या तोंडून ऐकलेल्या झोक्याच्या ओळींवरून एक गाणं बांधलं, सासरी असलेल्या पोरीला माहेरची वाट दिसते असं. यूट्यूबवर एक बीट सापडली, वर मोठ्या अक्षरात फ्री, खूप आवडली, डाउनलोड केली. शूटिंगला ड्रोनवाला पाच हजार, एका दिवसाची गाडी चार हजार, धुळ्याहून दोन डान्सर, मेकअप, सगळ्यांचं जेवण, असे सव्वीस हजार लागले. संगीताला शून्य. तेव्हा मला त्यात काही वावगंच वाटलं नाही, आज त्याची लाज वाटते.

गाणं चाललं. दहा दिवसांत दीड लाख लोकांनी पाहिलं आणि अकराव्या दिवशी क्लेम आला, म्हणजे हे संगीत आमचं आहे असा दुसऱ्याचा दावा. त्या बीटच्या वर्णनात खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की ज्यातून कमाई होणार नाही अशा वापरासाठीच फ्री, कमाई करायची असेल तर लीज घ्या. मी तेवढं खाली वाचलंच नव्हतं. वर आणखी एक झालं, दुसऱ्या कोण्या गायकाने त्याच बीटवर गाणं करून ते कंटेंट आयडीत, म्हणजे यूट्यूबच्या कॉपी शोधणाऱ्या यंत्रणेत, टाकून दिलं होतं, त्यामुळे यूट्यूबला माझं गाणं त्याच्या गाण्याची कॉपी दिसायला लागलं. मी डिस्प्यूट, म्हणजे हरकत, टाकला. उत्तर द्यायला समोरच्याला ३० दिवस असतात. वाट बघता बघता आखाजीचे दिवस मागे पडले, लग्नाची तिथी संपत आली, पाऊस पडून लोक कपाशी लावायला वावरात गेले. आणि डिस्प्यूट टाकून तरी काय, बीट माझी नव्हतीच, मी दाखवणार काय होती? शेवटी मीच गाणं काढलं. आजीला मोबाइलवर दाखवलं होतं मी ते, ती पुढच्या वर्षी गेली.

क्लेम आणि स्ट्राइक यात फरक आहे तो पण समजून घ्या. क्लेममधे बहुतेक वेळा गाणं राहतं, त्याचे पैसे दुसऱ्याकडे जातात. स्ट्राइक आला की गाणं जातं, आणि ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर पूर्ण चॅनल जाऊ शकतं, म्हणजे तुमची त्याच्या आधीची स्वच्छ गाणी सुद्धा.

मग आपल्याकडे इतक्या हुशार पोरांना हे का कळत नाही याचा मी विचार केला. मला वाटतं कारण आपण लग्नातून आलो. लग्नात कोणतंही गाणं वाजवा, कोणी विचारत नाही, आणि ते कायद्याने पण बरोबर आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातच लग्नाच्या वरातीला आणि लग्नातल्या कार्यक्रमांना सूट आहे. तीच सवय आपण यूट्यूबवर घेऊन गेलो. तिथे ती सूट लागू नाही.

लीज म्हणजे काय हे मी वावराच्या भाषेत सांगते, पटकन समजतं. लीज म्हणजे वावर खंडाने कसायला घेणं. पीक तुमचं, वावर मालकाचं, मुदत संपली की पुन्हा बोलणी. फरक एवढाच की बीटचा मालक एकच वावर एकाच हंगामात पन्नास जणांना खंडाने देऊ शकतो आणि त्यात त्याची काही चूक नाही, लीजमधे तसं लिहिलेलंच असतं. स्वस्त लीजमधे फक्त एमपी३ भेटते, जास्तीच्या पैशात वेव्ह फाइल, त्याहून जास्तीत ढोलक वेगळा, बेस वेगळा, सिंथ वेगळा असे सुटे ट्रॅक. किती स्ट्रीम, किती व्ह्यूज, किती वर्षं याची मर्यादा लिहिलेली असते, ती ओलांडली तर पुन्हा पैसे भरा. एक्सक्लुझिव्ह, म्हणजे यापुढे फक्त तुम्हालाच, अशी घेतली तर ते खरेदीखतासारखं, पण तिथे पण विचारा की याच्या आधी किती जणांना लीज दिली आहे, कारण आधीच्या लीज सहसा चालूच राहतात. आणि लीजवरचं गाणं कंटेंट आयडीत टाकू नका. तिथे त्या आवाजाचे हक्क एकट्या तुमच्याकडे असावे लागतात. गाणं सगळीकडे पाठवणाऱ्या ॲपच्या फॉर्मवर कंटेंट आयडीचा एक चौकोन असतो, काय लिहिलंय न वाचता टिक मारतात आणि मग पारोळ्याच्या पोरासारखी पोरं, त्यांचा त्या टिक मारणाऱ्याशी काही संबंध नसताना, मरतात.

मोठं उदाहरण पाहिजे असेल तर ओल्ड टाउन रोड हे अमेरिकेतलं गाणं घ्या. लिल नास एक्स या रॅपरने नेदरलँड्सच्या यंगकियो नावाच्या पोराची बीट बीटस्टार्स या बीट विकणाऱ्या वेबसाइटवरून ३० डॉलरला घेतली, म्हणजे तेव्हाचे साधारण दोन हजार रुपये, आणि २०१९ मधे ते गाणं बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकेतल्या गाण्यांच्या यादीत सलग १९ आठवडे पहिल्या नंबरला होतं. हे सगळे सांगतात. पुढचं कोणी सांगत नाही. त्या बीटमधे नाइन इंच नेल्स या बँडच्या २००८ च्या रेकॉर्डमधला एक तुकडा होता. गाणं मोठं झाल्यावर त्या मूळ लोकांशी मिटवावं लागलं आणि आज त्या गाण्याच्या श्रेयात त्यांची नावं आहेत. तिकडे मागे कंपनी आणि वकील होते म्हणून निभावलं. तुमच्या आमच्या मागे कोण आहे? म्हणून बीट घेताना पहिला प्रश्न हाच विचारा की भाऊ, यात दुसऱ्याच्या गाण्यातून उचललेलं काही आहे का, आणि त्याचं उत्तर लिहून घ्या.

२०२२ नंतर मी ठरवलं की आता फुकट काही नाही, आपल्याच भागातल्या पोराकडून बनवून घेऊ. एका जणाला सहा हजार दिले, त्याने चांगलं बनवून दिलं, गाणं टाकलं. पाच महिन्यांनी तेच संगीत मला दुसऱ्या एका गायिकेच्या गाण्यात ऐकू आलं, फक्त सूर थोडा वर नेलेला. मी भांडायला गेली. तो म्हणे ताई, मी तुम्हाला कुठे म्हणलो होतो की दुसऱ्याला देणार नाही. आणि खरंच म्हणला नव्हता. मी धरून चालली होती की पैसे दिले म्हणजे माझं झालं. तसं नसतं. चाल आणि संगीत रचणारा त्या संगीताचा पहिला मालक, पैसे दिले तरी हक्क आपोआप तुमच्याकडे येत नाही. हक्क द्यायचा तर लेखी पाहिजे, देणाऱ्याची सही पाहिजे, हे त्याच कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ मधे आहे. त्यातच असंही आहे की मुदत लिहिली नाही तर पाच वर्षंच धरली जाते आणि हद्द लिहिली नाही तर फक्त भारत. आपली गाणी दुबईतला खान्देशी पोरगा पण ऐकतो, तर कागदात जगभर असं लिहायचं राहू देऊ नका. आणि एक, हक्क घेऊन वर्षभर वापरलाच नाही तर तो गळून पडतो, कागदात वेगळं लिहिलं नसेल तर. बीटा गोळा करून ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

त्या गायिकेशी मी तीन महिने बोलली नाही. तिची पण काही चूक नव्हती, तिने पण पैसे देऊन घेतलं होतं. आता बोलतो आम्ही.

आता तयार बीट घ्यायची की बनवून घ्यायची, यावर माझं मत जरा कडक आहे. रॅप करणाऱ्या पोरांना तयार बीट चालते, त्यांचा शब्द चारच्या ठेक्यात बसतो, मिनिटाला १४० ठोक्यांची ट्रॅप बीट घ्या आणि अहिराणीत बोला, मस्त वाटतं, मला स्वतःला आवडतं. पण झोक्याचं गाणं, हळदीचं गाणं, कानबाईचं गाणं तयार बीटवर टाकू नका. मी धुळ्यात देवपूरमधे एका पोराच्या खोलीत हे शिकली. वरचा मजला, भिंतीला गोधड्या ठोकलेल्या, मे महिना, पंख्याचा आवाज माइकमधे येतो म्हणून पंखा बंद, आम्ही दोघं घामाने भिजलेले. मी त्याला माझं जुनं २०२२ चं गाणं ऐकवलं. तो म्हणे ताई, आता हे बिना म्युझिकचं म्हणा, आजी म्हणायची तसं. मी डोळे मिटून म्हणलं आणि तो टेबलावर बोटाने वाजवत राहिला, एक दोन तीन, चार पाच सहा. झोका एकदा जातो तेव्हा तीन, येतो तेव्हा तीन. त्याने मला थांबवलं आणि त्या फ्री बीटवर माझा आवाज ठेवून दाखवला. ती चारची होती. "माहेर" मधला "मा" जिथे पडायला पाहिजे तिथे काहीच नव्हतं, किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका, पुढे निघून गेलेली, आणि मी ते भरायला जागोजाग "गं" आणि "वं" घातलेले, आजीच्या ओळीत नसलेले. मला दोन वर्षं हे ऐकूच आलं नव्हतं. मग त्याने ऑक्टोपॅड ओढला, सहाचा ठेका धरला, वेग थोडा कमी केला आणि मी म्हणली. त्या खोलीत मला रडू आलं. खरंच आलं.

हे काम कोणती तयार बीट करणार नाही. तयार बीट बनवणाऱ्याने झोका कुठे पाहिलेला असतो? यासाठी आपल्याच मातीतलं माणूस लागतं, आणि तो माणूस टिकायला पाहिजे असेल तर त्याला पैसे द्यावे लागतात. त्याचा लॅपटॉप हप्त्यावर आहे, की-बोर्ड सेकंड हँड आहे, रात्री लग्नात पॅड वाजवून सकाळी तुमचं काम करतो, आणि आपण त्याला म्हणतो नाव टाकतो ना भो तुझं. नाव टाकायचंच असतं, तो त्याचा हक्क आहे, तो काही मोबदला झाला नाही. ड्रोन उडवणाऱ्याला कोणी म्हणतं का की तुझं नाव टाकतो, पैसे नको मागू?

काही जण म्हणतात की स्वतःच शिकून घ्या, सगळं मोबाइलवर होतं आता. शिका ना, जरूर शिका, ज्याला आवड आहे त्याने शिकावंच, बीट बनवणाऱ्याशी बोलायला पण सोपं जातं. पण प्रत्येकाने सगळं एकट्याने करावं हे मला पटत नाही. आपल्या बँडमधे क्लॅरिनेटवाला कधी ढोल वाजवत नव्हता.

बीट बनवणाऱ्या भावांना पण एक सांगायचं आहे, हे पत्र तुमच्यासाठी पण आहे. तुम्ही पण दर सांगायला लाजता. "ताई द्या तुमच्या मनाने" म्हणता आणि मग मागे नाराज होता. आकडा सांगा. एकाच गायकाला द्यायचं तर किती, चार जणांना द्यायचं तर किती, आधी सांगा. इंटरनेटवरून उचललेला लूप असेल तर लपवू नका. आणि एक गोष्ट तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहितच नाही, २०१२ ला कायदा बदलला तेव्हापासून संगीतकाराचा आणि गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा लिहून सोडून देता येत नाही, तो विकत घेणाऱ्यासोबत निम्मा-निम्मा. म्हणजे तुम्ही एक्सक्लुझिव्ह विकली तरी तो वाटा तुमचाच. तो गोळा करायला आयपीआरएस ही संस्था आहे, १९६९ पासून आहे, गीतकार आणि संगीतकार दोघांना सभासद होता येतं. मी गीतकार म्हणून अर्ज भरला आहे.

कागदात काय लिहायचं म्हणून फार जण विचारतात. वकिली भाषा नको, मराठीत लिहा, अहिराणीत लिहा, पण स्पष्ट लिहा. कोणत्या गाण्यासाठी, कोणत्या फाइल दिल्या, एकट्याला की अजून कोणाला देणार, किती वर्षं, कुठे कुठे, यूट्यूबच्या कमाईतला हिस्सा आहे की नाही आणि असेल तर शेकडा किती, संगीतकाराचं नाव कसं लिहायचं, उचललेलं काही नाही याची हमी, रक्कम, बयाना, बाकी, तारीख, सही. एक प्रत त्याच्याकडे, एक तुमच्याकडे. व्हॉट्सॲपवरच्या अंगठ्यावर राहू नका.

आणि पैसे नसतील तर? मला माहीत आहे नसतात, मी पण कपाशी विकली गेली की मगच रेकॉर्डिंग करते. मग ड्रोन कमी करा. साडी घरची नेसा, शूटिंग आपल्याच केळीच्या बागेत करा, गाडी नको. चार गाणी करण्याऐवजी एक करा. पण संगीताचे पैसे कापू नका.

पारोळ्याच्या त्या पोराला मी देवपूरला घेऊन जाणार आहे पुढच्या रविवारी, त्याचे शब्द चांगले आहेत, नवीन संगीतावर पुन्हा होईल ते गाणं. बयाना तो देईल, कमी पडले तर मी घालेन, त्याने लग्नाच्या सीझनला परत करायचे.

माझ्या आखाजीच्या गाण्याचा बयाना मी सोमवारी देऊन आली. त्या पोराने मोंढ्याजवळच्या दुकानातून बँडवाल्यांसारखंच पावतीपुस्तक आणलं होतं, कार्बन टाकला, माझं नाव लिहिलं, गाण्याचं नाव लिहिलं आणि पेन थांबवून मला विचारलं, "ताई, कशाबद्दल लिहू, बीट का संगीत?" मी म्हणली, संगीत लिही.

तुमचीच,
अमळनेर तालुक्यातली एक अहिराणी गायिका